चार टायर आणि एक स्टेपनी

सप्टेंबर उतरणीला लागला तरी डेल्बर्ट कुबिचेकची झोप रोज पहाटेच मोडत होती. आर्लीनला जाग येऊ नये म्हणून तो बूट हातात धरून मागच्या दाराने बाहेर पडायचा आणि अंगणात उभ्या केलेल्या ट्रेलरभोवती फेऱ्या घालायचा. ट्रेलर चोवीस फुटी होता, पांढऱ्यावर तपकिरी पट्टा असलेला. आत पलंग, शेगडी, जेवायचं टेबल आणि एवढीशी न्हाणी. पिकअपच्या मागे अडकवला की घर पाठीवर घेऊन निघाल्यासारखं निघता यायचं. जुलैत एका शेतकऱ्याच्या लिलावात डेल्बर्टने तो घेतला होता. त्याआधी सात वर्षं तो मक्याच्या शेताकडेला उन्हात उभा होता.

रोज पहाटे डेल्बर्ट दार ओढून बघायचा, जोडणीचा आकडा बघायचा आणि शेवटी चाकांपाशी येऊन थांबायचा. टायर काळेभोर चमकत असायचे. त्यांच्याकडे क्षणभर बघून तो मान फिरवायचा आणि घरात जाऊन कॉफी ठेवायचा.

एकतीस वर्षं त्याने अठरा चाकी ट्रक चालवला होता. नेब्रास्कातून मांस घेऊन जायचं, कॅलिफोर्नियातून भाजी आणायची. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हृदयाचा आलेख बघितला आणि त्याच्या परवान्याच्या कागदावर सही करायला नकार दिला. पिकअप खुशाल चालवा, म्हणाले, ट्रक नाही. तेव्हापासून त्याच्या पायाला नुसती भिंगरी. गावात तीन रस्ते, ते तो दिवसातून चारदा फिरायचा. हिरवळ कापून झाली की शेजाऱ्याची कापायचा. आर्लीन वैतागून म्हणायची, घरात वारा कोंडून ठेवल्यासारखं झालंय.

शेवटी ट्रेलरची कल्पना त्यानेच काढली. उत्तरेला रेड नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबर लागला की साखरेचं बीट निघतं. तेव्हा तिथले कारखाने ट्रेलर घेऊन येणाऱ्या निवृत्त माणसांना कामाला लावतात. बारा तासांची पाळी, ट्रेलर उभा करायला जागा, वीज आणि पाणी फुकट. बीटाचे डोंगर रचायचे आणि तीन आठवड्यांनी हात झटकून मोकळं व्हायचं. डेल्बर्टने दोघांची नावं कळवून टाकली. बुधवारी सकाळी सातला हजर व्हायचं होतं.

आर्लीन एकतीस वर्षं त्याच गावात दुसरीच्या वर्गाला शिकवत होती. नवरा रस्त्यावर असताना तिने घर, मुलं, शाळा सांभाळली, आणि रस्त्याचा तिला कधी सोस नव्हता. तिने हो म्हटलं, पण अट घालून.

"तीन आठवडे," ती म्हणाली होती. "बीट संपलं की घरी. आणि वाटेत काही मोडलं-बिडलं, तर मी तिथूनच बस धरीन, डेल. परत मला विचारायचं नाही."

डेल्बर्टला ते शब्द जसेच्या तसे पाठ होते. इतकी वर्षं तो एकट्याने ज्या वळणांवरून गेला होता, ती तिला एकदा दाखवायची होती. संधी एकच होती, आणि ती चार टायरांवर उभी होती.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी त्याने कुणालाच सांगितली नव्हती. ऑगस्टमध्ये त्याने टायरना चमक आणायचं पॉलिश लावलं होतं. चार लोकांत ट्रेलर उठून दिसावा एवढाच हेतू. फडकं फिरवताना त्याला टायरच्या कडेवर केसाएवढ्या बारीक भेगा दिसल्या, आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा. त्याने एक सेंटचं नाणं काढून वरच्या खाचेत उलटं खुपसलं. ट्रकवाल्यांची ही जुनी परीक्षा. नाण्यावरच्या लिंकनचं डोकं खाचेत बुडालं की टायर चांगला. डोकं पार बुडालं. खाचा नव्यासारख्या खोल होत्या. मग त्याने स्वतःची समजूत घातली आणि पॉलिशचा दुसरा हात दिला. भेगा दिसेनाशा झाल्या. त्याची झोप गेली ती त्या दिवसापासून.

रविवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी आर्लीन न्याहारीच्या टेबलापाशी आली ती उजवा हात पुढे धरून. चारही बोटं काळी झाली होती.

"ट्रेलरच्या चाकाला टेकून बूट घालत होते," ती म्हणाली. "हे काय लावलंयस?"

डेल्बर्टने पॉलिश आहे म्हणून सांगितलं. तिने हात धुतले नाहीत. उलट टेबलावरचा कागदी रुमाल ओला करून ती बाहेर गेली आणि चाक घासून पुसू लागली. तिची ही रीत त्याला ठाऊक होती. वर्गात एखाद्या पोराने वहीतलं चुकलेलं उत्तर हाताखाली लपवलं, की ती रागवत नसे. शेजारी बसून शांतपणे हात बाजूला करत असे. पाच मिनिटांनी ती आत आली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. टायरच्या दुकानातल्या लूपेने हे टायर बघेपर्यंत आपण त्या गाडीत बसणार नाही, एवढंच तिने सांगितलं. डेल्बर्ट खाचांबद्दल बोलला, नाण्याबद्दल बोलला, एकतीस वर्षांबद्दल बोलला. ती ऐकत राहिली आणि ऐकता ऐकता तिने पर्स उचलली.

लूपे बारिएन्तोसचं टायरचं दुकान गावाबाहेर, मांसाच्या कारखान्याच्या रस्त्यावर होतं. बापाच्या मागे ती एकटीच ते चालवायची. सात वर्षांची असताना ती मेक्सिकोहून आली तेव्हा तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि ती आर्लीनच्या वर्गात येऊन बसली. आता चाळिशी उलटली, तरी आर्लीन समोर आली की तिच्या तोंडून 'बाई'च निघायचं.

दुकानासमोर आणून लावलेल्या ट्रेलरचे टायर तिने बघितले आणि डेल्बर्टकडे बघितलं.

"पॉलिश झकास लावलंय, डेलकाका," ती म्हणाली. "लग्नाला न्यायचेत का?"

डेल्बर्टने खिशातून नाणं काढलं. तिने ते त्याच्या हातातून घेऊन त्याच्याच शर्टाच्या खिशात टाकलं. मग जमिनीवर एक पुठ्ठा पसरला, त्याच्या हातात विजेरी दिली आणि ट्रेलरखाली बोट दाखवलं. चाकाच्या आतल्या बाजूला कडेवर एक लांबट चौकट असते, तिच्यात चार आकडे असतात, ते वाचा म्हणाली. डेल्बर्ट कुरकुरत पाठीवर झोपला आणि आत सरकला.

"मला काही दिसत नाही."

"घाई नको. एक एक आकडा वाचायचा. येतोच," लूपे म्हणाली, आणि हळूच तिने आर्लीनकडे बघितलं. ते वाक्य तिचं नव्हतं. आर्लीनने तिला पहिली ओळ वाचायला लावली, तेव्हाचं होतं.

"तीन... सहा... एक... चार."

"पहिले दोन म्हणजे आठवडा. पुढचे दोन म्हणजे साल."

डेल्बर्टने गाडीखाली मनात हिशेब केला. दोन हजार चौदा सालचा छत्तिसावा आठवडा. दहा वर्षं. त्याने दुसऱ्या चाकाचेही आकडे वाचले, तिसऱ्याचेही. सगळीकडे तेच. फक्त स्टेपनी दोन वर्षांची होती.

तो बाहेर आला तेव्हा पाठीला धूळ होती. लूपेने त्याला टोमणा मारला नाही. खाली बसून तिने अंगठ्याने टायर दाबला. भेग ओठासारखी उघडली.

"ट्रकचा टायर वर्ष-दोन वर्षांत झिजून संपतो," ती म्हणाली. "म्हातारा व्हायला त्याला सवड कुठे असते? म्हणून तुम्हाला नाणं पुरत होतं. ट्रेलरचा टायर फिरतोच कुठे? तो उभ्या उभ्या म्हातारा होतो. खाचा तशाच राहतात आणि आतून सुटत जातो. गरम रस्त्यावर, ताशी पासष्ट मैलांच्या वेगात, एका झटक्यात साल निघते. नुसता टायर जात नाही, चाकावरचा पत्रा आणि खालची पाण्याची नळीही घेऊन जातो."

डेल्बर्टच्या डोळ्यांसमोर महामार्गाच्या कडेला थांबलेली एक बस आली, आणि तिच्या पायरीवर पर्स घेऊन चढणारी आर्लीन. ठीक आहे, तो म्हणाला, बदल. पाचही बदल. स्टेपनी चांगली होती, तरी आता त्याला कशाचीच खात्री वाटेना. फक्त आत्ता बदल, दुपारपर्यंत. उद्या पहाटे निघायचंय.

पण टायर निवडणं तितकं सरळ नव्हतं. लूपेने दोन प्रकार सांगितले. मापाने दोन्ही सारखे, ट्रेलरसाठीच बनवलेले. हलका प्रकार आत्ता ट्रेलरला होता तसाच, एकेक टायर अठराशे वीस पौंड पेलणारा. तो दुकानात होता. भारी प्रकार एकवीसशे पन्नास पौंड पेलायचा, त्यात हवाही जास्त भरायची. तो सोमवारी सकाळी गाडीने येणार होता. डेल्बर्टने ट्रेलरच्या दारावरची कंपनीची पट्टी दाखवली. कंपनीने स्वतःच हलका प्रकार लिहिला होता. मग प्रश्नच मिटला.

"भरलेला ट्रेलर काट्यावर घातला होतात का?" लूपेने विचारलं.

घातला नव्हता. पण त्याचा हिशेब पक्का होता. रिकाम्याचं वजन पट्टीवर होतं. त्यात पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, तीन आठवड्यांचे कपडे, थोडी भांडी. चाकांवर एकोणसाठशे पौंड, फार तर सहा हजार. एकतीस वर्षं काट्यांवरून गाड्या नेणाऱ्या माणसाला हे विचारायचं का?

"आज दुकान बाराला बंद होतं," लूपे म्हणाली. "आत्ता साडेनऊ झालेत. धान्याच्या कोठारावर काटा आहे. जाऊन या. या चाकांवर तीसच्या वर जायचं नाही."

 आता आर्लीन म्हणाली की त्याची काही गरज नाही, डेलचा हिशेब बरोबरच असेल. डेल्बर्टला नवल वाटलं. चाळीस वर्षांत ती त्याच्या हिशेबाला पहिल्यांदाच बरोबर म्हणत होती. वाटेत तो दोनदा तिच्याशी बोलला. ती बाहेरच्या मक्याकडे बघत होती.

कोठारावर मक्याच्या ट्रकांची रांग होती. कापणीचे दिवस. काट्याच्या खिडकीत रोलंड ह्रूब बसला होता, डेल्बर्टचा मावसभाऊ. त्याने रांगेतल्या दोघांना हाताने थोपवून यांना पुढे घेतलं. पिकअप काट्यापलीकडे, ट्रेलरची चाकं तेवढी काट्यावर. रोलंडने खिडकीतून आकडा सांगितला. साडेसहा हजार.

डेल्बर्ट म्हणाला, काटा बिघडलाय. रोलंड म्हणाला, सकाळपासून साठ ट्रक मका तोललाय, एकही शेतकरी तसं म्हणाला नाही. हवं तर एकेक बाजू तोलून बघ. डेल्बर्टने ट्रेलर सरकवून डावी चाकं तेवढी काट्यावर ठेवली. साडेतीन हजार. म्हणजे उजवीकडे तीन. डाव्या बाजूच्या एकेका टायरवर साडेसतराशे पौंड. अठराशे वीस पेलणाऱ्या टायरला ते अगदी काठावर होतं. एक खड्डा, एक जोराचं वळण, की संपलं.

डावीकडे पलंगाखालचे खण होते.

त्याने ट्रेलर बाजूला लावला, मागच्या रांगेतल्या ट्रकांना हात केला आणि आत गेला. गादी उचलून फळी वर केली. आधी बरण्या दिसल्या. पीच, काकडीचं लोणचं, लाल कोबी, टोमॅटो. दाटीवाटीने साठेक बरण्या. तीन आठवड्यांत दोन माणसं जास्तीत जास्त दहा संपवतील. बाजूला तिचं शिलाईचं मशीन, पेटीसकट. बिडाच्या दोन कढया. पिठाची पन्नास पौंडी पिशवी. दोन गोधड्या, बर्फात घालायचे बूट, पुस्तकांचे दोन खोके. त्याने दुसरी फळी उचलली. तिच्याखाली दोरीने बांधलेली रुंद काठाची गवताची टोपी होती, आणि तिच्यात घडी करून ठेवलेला पोहायचा पोशाख. निळा, अजून दुकानाची चिठ्ठी लागलेला.

ऑक्टोबरमध्ये, बीटाच्या शेतात, रेड नदीच्या काठी, गवताची टोपी कोण घालतं?

तो खाली बसला. आर्लीन दारात उभी होती, पायरीवर एक पाय ठेवून.

"रोज तू कॉफी प्यायला गावात गेलास की एकेक खोका आणत होते," ती म्हणाली.

"तीन आठवड्यांसाठी?"

"नाही."

बाहेर मक्याचा ट्रक काट्यावर चढला. आर्लीन आत आली.

मग तिने सांगितलं. पहिल्यांदा फक्त मशीन आणलं होतं, तिथे संध्याकाळी हात रिकामे राहू नयेत म्हणून. मग वाटलं, बीट संपल्यावर थंडी पडायच्या आत दक्षिणेला उतरावं. समुद्र बघावा. तिने टेक्सासचा समुद्र कधी बघितला नव्हता, आणि डेल त्याच्याबद्दल तीस वर्षं फोनवर सांगत आला होता. मग बरण्या आल्या. पण तिची तिलाच खात्री नव्हती. नकोसं वाटलं तर गुपचूप सगळं परत घरात नेऊन ठेवायचं, असं ठरवलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू जूनमध्येच गाडी सुरू केली असतीस. ट्रेलर घ्यायच्या आधी."

डेल्बर्ट हसला नाही. टोपी त्याच्या हातात होती. बसची ती पायरी त्याच्या डोळ्यांसमोरून अजून जात नव्हती. त्याने टोपी होती तशी खणात ठेवली आणि म्हणाला, "भेगा मला ऑगस्टमध्येच दिसल्या होत्या, आर्लीन. म्हणून पॉलिशचा दुसरा हात दिला."

ती काही वेळ त्याच्याकडे बघत राहिली. असं बघणं त्याला सोसवत नसे. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी त्या गाडीत बसणार होते," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुला झोप येत होती?"

"नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "बूट हातात घेऊन मागच्या दाराने जातोस. त्या दाराची बिजागरी करकरते, डेल. दोन महिने मी जागी आहे."

बारा वाजायला दहा मिनिटं असताना ते लूपेच्या दुकानात परतले. लूपेने काट्याची चिठ्ठी वाचली. मग ती हात पुसत उभी राहिली. हलके टायर भिंतीला टेकून होते. ते आत्ता बसवले, चार बरण्या इकडच्या तिकडे केल्या, तर उद्या पहाटे निघता आलं असतं आणि सोमवारी दुपारी पोहोचता आलं असतं. डेल्बर्टचे पाय जागच्या जागी हलत होते. वाट बघणं हे त्याला कधीच जमलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या दाराशीसुद्धा तो उभाच असायचा.

"भारी मागव," तो म्हणाला. "पाच. रिम तेवढी हवा सोसेल का ते आधी बघ. आणि हवा भरायची तोंडं धातूची घाल, रबरी नको."

लूपेने रिमच्या मागचा आकडा बघून ठेवला होता. सोसेल, म्हणाली. मग तिने आर्लीनला विचारलं, "बाई, तुम्ही सोमवारपर्यंत यांना कुठे बांधून ठेवणार?"

"कामाला लावते," आर्लीन म्हणाली.

रविवारभर डेल्बर्टने पलंगाखालचे खण रिकामे केले आणि पुन्हा भरले. जड ते चाकांच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंना सारखं. बरण्या मोजून तीस उजवीकडे, तीस डावीकडे. पुस्तकांवरून भांडण झालं. एक खोका राहिला, एक उतरला. दर तासाला तो जाऊन रस्त्याकडे बघून यायचा, जणू टायरची गाडी रविवारीच येणार होती. आर्लीनने खसखशीचं सारण भरून कोलाचे नावाचे गोड पाव भाजले आणि दरवेळी तो दाराकडे निघाला की त्याच्या हातात एक ठेवला. संध्याकाळपर्यंत नऊ झाले.

सोमवारी टायर यायला उशीर झाला. दुपारी दोनला आले. डेल्बर्टने स्वतः पाठीवर झोपून पाचही टायरचे आकडे वाचले आणि मोठ्याने आर्लीनला सांगितले. तिने ते एका वहीत लिहून घेतले. सगळे याच उन्हाळ्यातले होते. लूपेने नट आवळले आणि शेवटी दोघांकडे बोट रोखलं. पन्नास मैलांवर थांबायचं, नट पुन्हा आवळायचे. नवीन चाक बसलं की नट थोडे सैल होतातच. विसरायचं नाही.

डेल्बर्टला हे ठाऊक होतं. ट्रकच्या दिवसांत त्याने ते कधी केलं होतं, कधी केलं नव्हतं.

उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याला लागल्यावर त्याचा पाय आपोआप जड झाला. काटा सत्तरवर गेला. आर्लीनने टायरच्या कडेवर लिहिलेला वेग वहीतून वाचून दाखवला. तो पासष्टवर आला. पंचेचाळीस मैलांवर तिने हातातली वही मिटली. पन्नासला तो बोलायच्या आत तिने बोट दाखवलं. उजवीकडे सोयाबीनच्या शेताला लागून थांबायला रुंद जागा होती. तिथे तो थांबला. बुधवार सकाळ अजून साडेचारशे मैल लांब होती आणि उन्हं कलत होती. अंगात सगळं पुढे पळत होतं.

तो पाना काढायला गेला आणि थबकला.

"इकडे ये," तो म्हणाला. "नट आवळायच्या आधी हे. तळहात नाही, हाताची मागची बाजू लाव. टायरला. असा. कितपत गरम आहे ते लक्षात ठेव आणि पुढच्याला जा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल, तर त्याला काहीतरी होतंय."

आर्लीन हात लावत फिरली. उजवीकडचे दोन, मग डावीकडचे दोन. परत उजवीकडे गेली, परत डावीकडे आली. डेल्बर्ट पाना हातात धरून उभा होता. त्याने घाई केली नाही, उत्तरही सांगितलं नाही. एक मोठा ट्रक वारा फेकत निघून गेला. त्याच्याकडेही त्याने बघितलं नाही.

"डावीकडचे जास्त गरम आहेत," ती म्हणाली. "दोन्ही. थोडेसेच. अजून तिकडे वजन आहे का?"

"ऊन कुठल्या बाजूला आहे?"

तिने वर बघितलं. सूर्य पश्चिमेला होता, रस्त्याच्या डावीकडे, आणि ऊन नेमकं त्या दोन चाकांवर पडत होतं. तिच्या चेहऱ्यावर काही उलगडलं. वर्गात ते तिने शेकडो पोरांच्या चेहऱ्यांवर बघितलं असेल. डेल्बर्ट पहिल्यांदाच बघत होता.

"म्हणजे ठीक आहेत," ती म्हणाली.

"ठीक आहेत."

तो खाली बसला आणि समोरासमोरचे नट एकामागून एक आवळू लागला. दोन चाकं झाल्यावर त्याने विचारलं की बीट झाल्यावर समुद्राकडे कुठल्या रस्त्याने जायचं. एक रस्ता सरळ आहे, एक डोंगरांवरून, दोन दिवस जास्त लागतात.

आर्लीनने त्याच्या हातातून पाना घेतला.

"आधी ही बाजू," ती म्हणाली, आणि तिसऱ्या चाकापाशी गुडघे टेकून बसली.